विश्लेषण : सिगारेट ओढूनही तरुणपणी ‘काही होत नाही’ असे का वाटते? फुप्फुसांतील रक्षक पेशींत काय घडते?

पंचविशीतला तरुण, दिवसाला चार-पाच सिगारेटी. तरीही डोंबिवली स्थानकाचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून सुटती लोकल पकडतो, रविवारी मैदानावर क्रिकेट खेळतो. खोकला नाही, धाप नाही. ‘मला तर काही होत नाही’ हे त्याचे म्हणणे वरवर पाहता खोटेही नसते. मात्र त्याच्या फुप्फुसांतील रोगप्रतिकारक पेशी त्या वेळी जादा काम करून धुराचा मारा झेलत असतात. त्यासाठी त्या आपली संरक्षक विकरे, म्हणजेच एन्झाइम, वाढवतात. वय वाढते तशी ही सोय आटत जाते. हे नेमके कसे घडते, क्षयरोगाशी आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातील खराब हवेशी त्याचा काय संबंध आणि सिगारेट कधी सोडली तर किती वाचते, याविषयी...

फुप्फुसांचे पहारेकरी कोण?

माणूस दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती शेवटी वायुकोशांत पोहोचते. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की ऑक्सिजन सहज रक्तात उतरतो. पण हवेबरोबर धूळ, काजळी, जिवाणू आणि विषाणूही तिथवर पोहोचतात. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला कफ यातले बरेचसे अडवतात. जे निसटते, त्याची जबाबदारी वायुकोशांतील महाभक्षी पेशींवर असते. वैद्यकीय भाषेत त्यांना ‘अल्व्हिओलर मॅक्रोफेज’ म्हणतात.

या पेशी वायुकोशांच्या आतल्या पृष्ठभागावर फिरत असतात. समोर आलेला कण किंवा जंतू त्या गिळतात आणि पोटातल्या पाचक पिशव्यांत जिरवतात. गरज पडली तर रासायनिक संदेश सोडून इतर पांढऱ्या पेशींना मदतीला बोलावतात आणि काम संपले की दाह आटोक्यातही आणतात. म्हणजे सफाई, पहारा आणि भांडण मिटवणे ही तिन्ही कामे त्यांच्याकडे असतात.

त्यांचा अभ्यास करता येतो, कारण ब्रॉन्कोस्कोपीच्या नळीतून फुप्फुसाच्या एका भागात थोडे सलाइन सोडून ते परत ओढले की त्याबरोबर या पेशी बाहेर येतात. धूम्रपान न करणाऱ्याच्या तुलनेत ओढणाऱ्याच्या फुप्फुसातून त्या कित्येक पट अधिक निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तपकिरी-काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या दिसतात. डॉक्टर त्यांना थेट ‘स्मोकर्स मॅक्रोफेज’ असेच म्हणतात.

संरक्षक विकरे म्हणजे काय?

महाभक्षी पेशी जंतू मारण्यासाठी एक हत्यार वापरते. ती ऑक्सिजनपासून ‘सुपरऑक्साइड’ हा अतिशय आक्रमक रेणू तयार करते. जंतूला तो जाळतो, पण सावध न राहिल्यास पेशीलाही जाळतो. म्हणून पेशीकडे तो विझवणारी विकरे असतात. त्यातली तीन महत्त्वाची.

पहिले सुपरऑक्साइड डिसम्युटेज. जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच या अमेरिकी संशोधकांनी १९६९ मध्ये त्याचे काम उलगडले. ते सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. पण हायड्रोजन पेरॉक्साइडही निरुपद्रवी नाही. तिथे दुसरे विकर, कॅटालेज, पुढे येते आणि त्याचे पाणी व ऑक्सिजन करून टाकते. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फसफसून फेस येतो, तो आपल्याच रक्तातील आणि पेशींतील कॅटालेजमुळे. तिसरे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. ते ग्लुटाथायोन या रेणूच्या मदतीने हायड्रोजन पेरॉक्साइडही निकामी करते आणि पेशीच्या आवरणातील खराब झालेले स्निग्ध पदार्थही सावरते.

ही तिन्ही विकरे साखळीने काम करतात. एक कडी वाढली आणि दुसरी तिथेच राहिली, तर साखळीला पूर्ण बळ येत नाही. सिगारेटच्या बाबतीत हा मुद्दा कळीचा ठरतो.

एका झुरक्यात असे काय असते?

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यातली सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत, हे आता बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. याखेरीज त्यात ‘फ्री रॅडिकल’ म्हणजे मुक्त मूलक असतात. जोडीदाराविना राहिलेला इलेक्ट्रॉन असलेले हे रेणू समोर येईल त्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि त्याची मोडतोड करतात. अमेरिकेतील लुईझियाना स्टेट विद्यापीठाचे डॅनियल चर्च आणि विल्यम प्रायर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका झुरक्याच्या वायुरूप भागातच असे साधारण एकावर पंधरा शून्ये इतके मूलक असतात. डांबरासारख्या चिकट भागातले वेगळेच, आणि ते बराच काळ टिकतात.

म्हणजे पहारेकरी पेशींवर दोन बाजूंनी मारा होतो. एक धुराचा थेट, दुसरा त्यांच्या स्वतःच्या हत्याराचा. धूम्रपान करणाऱ्यांच्या महाभक्षी पेशी डिवचल्या गेल्यावर अधिक सुपरऑक्साइड सोडतात, हे १९८० च्या दशकातच प्रयोगांत दिसले होते.

मग संरक्षक विकरे कमी होतात की वाढतात?

सरळ उत्तर ‘धुरामुळे विकरे नष्ट होतात’ असे असते, तर समजावणे सोपे झाले असते. वास्तव थोडे वेगळे आहे.

केव्हिन मॅककस्कर आणि जॉन हॉयडल यांनी १९९० मध्ये ‘अमेरिकन रिव्ह्यू ऑफ रेस्पिरेटरी डिसीज’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान करणाऱ्यांच्या महाभक्षी पेशींत सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटालेज यांची क्रियाशीलता सुमारे दुप्पट आढळली. सिगारेटचा धूर दिलेल्या हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांतही तेच दिसले. हे हॅमस्टर जवळपास शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवले, जे एरवी फुप्फुसांना घातक असते, तेव्हा धूर न मिळालेल्यांपेक्षा ते जास्त काळ जगले. म्हणजे वाढलेली विकरे कामाची होती.

याचा अर्थ शरीर धुराशी जुळवून घेते. व्यायामाने हाताला घट्टे पडावेत, तसे पेशी आपले कवच जाड करते. पंचविशीतल्या तरुणाला काहीच जाणवत नाही, यामागे अनेक कारणे आहेत. फुप्फुसांची मुळातली शिल्लक क्षमता हे मोठे कारण. पण पेशींचे हे जुळवून घेणे त्यातलेच एक आहे. म्हणूनच ‘मला काही होत नाही’ याचा खरा अर्थ ‘शरीर अजून निभावून नेत आहे’ इतकाच होतो.

वाढलेली विकरे पुरेशी का पडत नाहीत?

पहिले कारण, वाढ सगळीकडे सारखी नसते. त्याच अभ्यासात ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मात्र वाढलेले नव्हते. साखळीतल्या दोन कड्या मजबूत झाल्या, तिसरी होती तशीच राहिली.

दुसरे कारण, हे कवच पहारेकरी पेशीच्या आत असते. वायुकोशाची नाजूक भिंत पेशीबाहेर असते. आत विकरे वाढल्याने महाभक्षी पेशी स्वतः तग धरते. पण ती बाहेर जे सुपरऑक्साइड आणि ऊती विरघळवणारी रसायने सोडते, ती भिंतीवरच पडतात. त्यात ‘मॅक्रोफेज इलॅस्टेज’ हे विकरही असते. फुप्फुसाला रबरासारखी लवचीकता देणारे इलॅस्टिन ते तोडते. हे विकर तयारच करू न शकणाऱ्या उंदरांना दीर्घकाळ सिगारेटचा धूर दिला, तरी त्यांना वातस्फीती, म्हणजे वायुकोश फुटून मोठ्या पोकळ्या होण्याचा एम्फिसिमा हा आजार झाला नाही, असे १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले.

थोडक्यात, तगडा झालेला पहारेकरी घर राखतोच असे नाही. संख्येने कित्येक पट वाढलेल्या आणि सतत डिवचलेल्या या पेशी घराच्याच भिंती पोखरू लागतात.

वय वाढल्यावर काय बदलते?

जपानमधील सप्पोरो येथील होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४ मध्ये वृद्ध पुरुषांच्या महाभक्षी पेशी तपासल्या. जे वृद्ध अजूनही सिगारेट ओढत होते, त्यांच्या पेशींतील ऑक्सिडीकरणविरोधी संरक्षण घटलेले आढळले. तरुण वयात जी यंत्रणा धुराला उत्तर देऊन वर चढते, तीच म्हातारपणी धुरापुढे खाली बसते.

असे का होत असावे, याचा एक धागा २००८ मध्ये त्याच विद्यापीठातून आला. पेशीत ‘एनआरएफ-२’ नावाचे एक प्रथिन असते. संरक्षक विकरे बनवणाऱ्या अनेक जनुकांचा तो मुख्य खटका. धुरासारखा ताण आला की हा खटका चालू होतो आणि विकरांचे उत्पादन वाढते. वयस्क धूम्रपान करणाऱ्यांच्या आणि सीओपीडी रुग्णांच्या महाभक्षी पेशींत हा खटकाच मंदावलेला आढळला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटानेही त्याच वर्षी सीओपीडी झालेल्या फुप्फुसांत एनआरएफ-२ वर चालणारी संरक्षक यंत्रणा कमी झाल्याचे दाखवले.

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा दीर्घ आजार. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अंदाजानुसार २०१६ मध्ये भारतात त्याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. सगळेच धूम्रपानामुळे नव्हेत. चुलीचा धूर आणि प्रदूषित हवा ही भारतात तितकीच मोठी कारणे आहेत. पण ज्याच्या हातात सिगारेट आहे, त्याला हे एक कारण स्वतः बाजूला काढता येते.

पंपाचे औषध काहींना कमी का लागू पडते?

दमा आणि सीओपीडीत श्वासावाटे घ्यायचा पंप डॉक्टर देतात. त्यातील स्टेरॉइड दाह कमी करते. दम्यात त्याचा गुण चांगला येतो. पण सीओपीडीत आणि सिगारेट ओढणाऱ्या दमेकऱ्यांत तो अपेक्षेपेक्षा कमी येतो, हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव.

त्यामागेही एक विकर आहे. हिस्टोन डीॲसिटिलेज-२ हे विकर दाह वाढवणारी जनुके बंद करण्याचे काम करते आणि स्टेरॉइडला आपले काम करण्यासाठी त्याची गरज लागते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील पीटर बार्न्स यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले की धूम्रपान करणाऱ्यांच्या महाभक्षी पेशींत हे विकर कमी असते. २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याच गटाने सीओपीडी जितका गंभीर, तितकी या प्रकारच्या विकरांची क्रिया कमी, असे मांडले.

म्हणजे महिन्याला पंपावर खर्च करायचा आणि सिगारेटही चालू ठेवायची, हा व्यवहार दुहेरी तोट्याचा. एका हाताने घेतलेले औषध दुसऱ्या हाताने निष्प्रभ केले जाते.

क्षयरोगाशी याचा काय संबंध?

ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर या दाट वस्तीच्या पट्ट्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरल्यावर त्याची पहिली गाठ पडते ती याच महाभक्षी पेशीशी. ती त्याला मारू शकली तर प्रश्न मिटतो. नाही तर जंतू तिच्याच पोटात घर करतो.

बडोद्यात वाढलेल्या, तिथेच वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या आणि केंब्रिज विद्यापीठात काम करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २०१६ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात याचा एक पैलू मांडला. धूम्रपान करणाऱ्यांच्या महाभक्षी पेशींच्या पाचक पिशव्या धुराच्या कणांनी तुंबलेल्या असतात. न पचणाऱ्या कचऱ्याने जड झालेल्या या पेशी क्षयाच्या जंतूकडे नीट सरकतच नाहीत. पहारेकरी जागेवर आहे, संख्येनेही जास्त आहे. पण त्याला हलता येत नाही.

लोकसंख्येच्या पातळीवर याचे चित्र तमिळनाडूत दिसले. वेंधन गजलक्ष्मी, रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा क्षयाने मृत्यू होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट होते. त्यात विड्या ओढणारे मोठ्या संख्येने होते. त्यामुळे ‘सिगारेट वाईट, विडी साधी’ या समजालाही आधार उरत नाही.

मुंबईचा पुरावाही हाताशी आहे. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९१ पासून मुंबईतील पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख नागरिकांची मतदार याद्यांवरून नोंद केली आणि काही वर्षांनी पुन्हा त्यांची घरे गाठली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुरुषांत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका तंबाखू न वापरणाऱ्यांच्या १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट होता. गुप्ता यांची हिलिस सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्था नवी मुंबईत, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच आहे.

‘हवाच खराब आहे, मग सिगारेटने काय फरक पडतो?’

ठाणे-डोंबिवलीत हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो आणि त्याला कारणही आहे. घोडबंदर रस्त्यावरची धूळ आणि ट्रकचा धूर, शिळफाट्याची कोंडी, कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीला वर्षानुवर्षे लागत राहिलेल्या आगी, डोंबिवली एमआयडीसीतला उग्र वास हे सारे इथल्या लोकांनी सोसले आहे. डोंबिवलीने २०१४ मध्ये हिरवट पाऊस पाहिला आणि २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ताही. २०१६ आणि २०२४ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यांतील स्फोटांत माणसे दगावली. अशा ठिकाणी राहणाऱ्याला कोणी सिगारेटवर उपदेश केला, तर तो चिडणारच.

पण पेशींच्या पातळीवर हा युक्तिवाद उलटा पडतो. वाहनांची काजळी गिळणारी पेशीही हीच. इंग्लंडमधील लेस्टर शहरात नीता कुलकर्णी, जोनाथन ग्रिग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये निरोगी मुलांच्या थुंकीतील महाभक्षी पेशी तपासल्या. ज्यांच्या पेशींत कार्बनची काजळी अधिक, त्यांची फुप्फुसांची क्षमता कमी, असे त्यांना आढळले. ही मुले सिगारेट ओढणारी नव्हती.

याचा अर्थ ठाणे-कल्याणमधील माणसाच्या पहारेकरी पेशी आधीच ओझ्याखाली आहेत. त्यावर सिगारेटचा भार टाकायला जागा कमी उरते. स्वच्छ हवेच्या गावात राहणाऱ्यापेक्षा इथल्या माणसाने सिगारेट सोडणे अधिक गरजेचे ठरते. अर्थात यामुळे महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कारखाने यांची जबाबदारी कणभरही कमी होत नाही. नागरिकांना ‘सिगारेट सोडा’ सांगताना हवेबद्दल गप्प राहणारी यंत्रणा विश्वास गमावते.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी भरपाई होते का?

विकरे कमी पडतात, तर बाहेरून अँटिऑक्सिडंट घ्यावेत, असे वाटणे साहजिक आहे. औषधांच्या दुकानांत आणि समाजमाध्यमांवर ‘लंग डिटॉक्स’च्या नावाखाली काढे, कॅप्सूल, चहा विकले जातात. पुरावा मात्र त्यांच्या बाजूने नाही.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हे १९९४ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेतील ‘कॅरेट’ या चाचणीत बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र दिले, तेव्हा प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक निघाले आणि १९९६ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या. ब्रोकोलीतील सल्फोराफेन या घटकाने प्रयोगशाळेत एनआरएफ-२ चा खटका चालू होतो. पण सीओपीडी रुग्णांना ते प्रत्यक्ष दिले तेव्हा २०१६ च्या चाचणीत असा परिणाम दिसला नाही.

भाज्या-फळे जरूर खावीत. पण सिगारेटसोबत गोळी घेतली की हिशेब बरोबर होतो, हा समज धोकादायक आहे.

‘दिवसाला एखादीच’ चालते का?

महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण देशाच्या तुलनेत कमी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. देशात हे प्रमाण १०.७ टक्के होते. तंबाखू चघळणाऱ्यांची टक्केवारी मात्र राज्यात २४.४ होती. धूम्रपान करणारे कमी असल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, आणि ‘मी काही पाकीट संपवत नाही’ या समजाखाली अनेक जण सुटी सिगारेट घेत राहतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ॲलन हॅकशॉ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की रोज वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जितका जादा धोका, त्याच्या सुमारे निम्मा धोका रोज एका सिगारेटीनेही असतो. एक विसांश नव्हे. फुप्फुसाच्या कर्करोगात प्रमाण सिगारेटींच्या संख्येनुसार अधिक बदलते. पण हृदय आणि रक्तवाहिन्यांना ‘थोडीशी’ची सवलत नाही.

सुटी सिगारेट हा म्हणूनच कळीचा मुद्दा. पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचे चित्र असते. सुटी घेणाऱ्याला ते दिसत नाही. खिशातून एका वेळी जाणारी रक्कमही किरकोळ वाटते. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि विडी विकण्यास बंदी घातली. शैक्षणिक संस्थांपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्रीस आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला विक्रीस २००३ च्या केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. तरीही टपरीवर दोरीला बांधलेला लायटर आणि सुटी सिगारेट हे दृश्य अजून नवलाचे राहिलेले नाही.

सोडल्यावर काय परत मिळते?

सगळे नाही, पण बरेच. लंडनच्या पुरुषांवरील चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांचा १९७७ चा अभ्यास अजूनही आधार मानला जातो. धूम्रपानाने गमावलेली फुप्फुसांची क्षमता सोडल्यावर फारशी परत येत नाही. पण त्यानंतर होणारी घट पुन्हा निरोगी माणसाच्या गतीने, म्हणजे बरीच सावकाश होते. पन्नाशीत जिना चढताना दम लागणार की सत्तरीतही बाजारात पायी जाता येणार, हे यावर ठरते.

पहारेकरी पेशींची वाढलेली संख्या सोडल्यावर कमी होत जाते. त्यांच्या पोटातील काळे कण मात्र काही वर्षे दिसत राहतात. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की चाळिशीच्या आत सोडणाऱ्यांचा धूम्रपानामुळे वाढलेला मृत्यूचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी टळतो. संरक्षक विकरांचा खटका ज्या वयात अजून दाबला जातो, त्याच वयात सोडण्याचा लाभही सर्वाधिक आहे. साठीत सोडूनही फायदा होतोच. पण विशी-तिशीतला ‘अजून वेळ आहे’ हा दिलासा उलट्या दिशेने वाचायला हवा. वेळ आहे, म्हणूनच आत्ता सोडायचे.

मग काय करायला हवे?

दोष एकट्या ओढणाऱ्यावर टाकून उपयोग नाही. निकोटीनचे व्यसन मेंदूत मुरते आणि केवळ निर्धारावर सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकापेक्षा अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो. समुपदेशन आणि निकोटीनचे च्युइंगगम किंवा पट्टी यांची जोड मिळाली, तर यशाची शक्यता वाढते. म्हणून ही मदत लोकांच्या वाटेवर असायला हवी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकांची रुग्णालये आहेत. तंबाखूमुक्तीचे समुपदेशन सकाळच्या ओपीडीच्या वेळेतच ठेवले, तर सकाळी लोकल पकडून रात्री परतणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. संध्याकाळी, स्थानकाजवळच्या दवाखान्यात ते मिळाले पाहिजे. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला, आणि त्याच्या घरातल्या ओढणाऱ्यालाही, सिगारेट-विडीबद्दल विचारणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

सुट्या सिगारेटीवरील बंदीची अंमलबजावणी महाविद्यालये आणि स्थानक परिसरापासून सुरू व्हावी. टपरीवाल्याचे पोट त्यावर चालते, हे खरे; त्यामुळे केवळ दंडाच्या मोहिमा काढण्यापेक्षा परवाना देताना तंबाखू न विकणाऱ्या चहा-नाश्त्याच्या टपऱ्यांना प्राधान्य देणे अधिक टिकाऊ ठरेल.

आणि जो आज ओढतो आहे, त्याच्यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी आहे. क्रमांक १८००-११-२३५६, कॉल मोफत. लोकलच्या रांगेत उभे असताना पुढची सिगारेट पेटवायला जितका वेळ लागतो, तितक्यात तो लावता येतो.